खिळ्यावरचा डबा

१

सत्यभामा वाहणे मेली हे कळलं ते एका भरलेल्या डब्यामुळे.

आमच्या चर्चच्या मंडळीतली रमा दुपारी नेहमीसारखी तेलीबांध्याच्या तळ्यामागच्या गल्लीत गेली, तर आदल्या दिवशीचा डबा दाराच्या खिळ्याला तसाच लटकत होता. हात लावला तर जड. आत भात, डाळ, भोपळ्याची भाजी, सगळं आंबलेलं. असं आधी कधी झालं नव्हतं. रमाने दार ढकललं. म्हातारी खाटेवर पडली होती आणि अंग गार झालं होतं.

दाखला द्यायला आलेल्या डॉक्टरने चादर वर केली. मग त्याने हिंदीत विचारलं की यांना जेवण कोण देत होतं. गल्लीने रमाकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाला, ह्या बाईच्या पोटात कित्येक दिवस धड अन्न गेलेलं नाही, नुसती हाडं उरली आहेत. तेवढं बोलून तो गाडीवर बसला आणि गेला.

झालं. जिच्या दारात चर्चचा डबा रोज जात होता ती बाई उपाशी मेली, मग डबा जात कुठे होता? संध्याकाळपर्यंत पाऱ्याने, म्हणजे आसपासच्या वस्तीने, निकाल लावूनही टाकला. रमा खात असेल, नाहीतर विकत असेल. घरमालक शालिग्राम ठाण्यात जायची भाषा बोलू लागला. रमा ही विधवा बाई. चर्चची झाडलोट करते आणि आवारातल्या मागच्या खोलीत मुलीसोबत राहते. त्या मुलीला, साक्षीला, दुसऱ्याच दिवशी शाळेत पोरांनी डबाचोराची पोट्टी म्हणून हाक मारली.

मी विनायक साळवे. रेल्वेत क्लेम इन्स्पेक्टर होतो. नागपुरात इतवारी स्टेशनला चढलेलं पार्सल रायपुरात उतरलं नाही तर ते मधे कुठे गेलं हे शोधण्यात माझी हयात गेली. पास्टर साहेबांनी मला बोलावलं ते काही माझ्या हुशारीवर विश्वास होता म्हणून नव्हे. चर्चच्या समितीला रविवारी रमाला खोली खाली करायला सांगायचं होतं आणि त्याआधी ‘आपण चौकशी केली’ असं म्हणायची सोय हवी होती. मला ते कळत होतं. तरी मी हो म्हणालो, कारण सोयीच्या चौकशीचा मला जन्माचा तिटकारा आहे.

२

डब्याची गोष्ट आधी सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्यात मुठीच्या तांदळाची जुनी रीत आहे. घरची बाई भात लावताना एक मूठ तांदूळ बाजूच्या डब्यात टाकते आणि रविवारी तो चर्चमधल्या पिंपात आणून ओतते. या पिंपात कोणाचा जाडा, कोणाचा बारीक, कोणाचा उसना म्हणजे उकडा, कोणाचा राशनचा, कोणाचा लालसर, सगळे एकत्र येतात. त्याचाच भात चर्चच्या स्वयंपाकघरात शिजतो आणि आजूबाजूच्या निराधार लोकांना जातो. चवीला तो काही खास नसतो. निम्मी शितं मऊ होतात आणि निम्मी कच्ची राहतात. पण मी लहानपणापासून तो ओळखतो.

हे काम प्रेमला उबाळे यांच्या हातात. निवृत्त मुख्याध्यापिका, शिस्तीच्या पक्क्या. त्यांनीच नियम केला होता: डबा खिळ्याला लावायचा, कालचा रिकामा उचलायचा, हाक मारायची नाही, आत डोकावायचं नाही. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या की एक तर घेणाऱ्याला लाज वाटू नये. आणि दुसरं, चर्चवाले जेवण घेऊन घरात शिरतात आणि प्रार्थनेला बसवतात, असा बोभाटा एकदा झाला होता. पुन्हा तो व्हायला नको.

मी म्हटलं, म्हणजे बाई आत जिवंत आहे की नाही हे पाहायचीही मनाई होती. प्रेमलाबाईंना ते लागलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि नियम चांगल्या मनाने केला होता असं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या मंडळीतलं बरंचसं नुकसान चांगल्या मनानेच झालेलं आहे.

रमा स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती. रडून झालं होतं, आता नुसती चिडलेली होती. तिचं म्हणणं सरळ होतं: डबा रोज नेला, रोज लावला, आणि रिकामा रोज मिळाला, तोही घासून पुसून लख्ख.

“बाई तर उठतच नव्हती म्हणून राहिले सगळे,” ती म्हणाली. “पावसाळ्यापासूनच पाय गेले म्हणे तिचे. मले कोणी सांगतलंच नाही. मग डबा घासत कोण होतं, भाऊ? मी घासला असता तर इथं पावडरनं घासला असता ना.”

हे मात्र विचार करण्यासारखं होतं. मी फळीवरून सत्यभामाबाईंचा दुसरा डबा काढायला लावला, तिथून शेवटचा रिकामा परत आलेला. घासूनच आलेला असल्यामुळे इथे तो कोणी पुन्हा घासला नव्हता. मी कडीच्या बिजागरीत काडी घालून फिरवली. करड्या रंगाची बारीक पूड निघाली. बोटावर घेऊन चोळली. चुलीची राख होती.

चर्चमध्ये गॅस आहे. सत्यभामाबाईंच्या खोलीत फक्त रॉकेलचा एक स्टोव्ह होता आणि तोही कोरडा ठणठणीत. म्हणजे डबा तिसऱ्याच घरात जाऊन परत येत होता.

३

ती गल्ली जुनी. छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, तळ्याभोवती फिरायला फरशी आणि दिवे आले, समोर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, पण मागे ही खोल्यांची रांग तशीच राहिली. सत्यभामाबाईंचा नवरा रेल्वेत खलाशी होता, गोंदियाकडचा, बाबासाहेबांना मानणारा. तो गेला, मूलबाळ नव्हतं. भाडं जुनं होतं आणि ती खोली सोडत नव्हती.

शालिग्रामला ती खोली पाहिजे होती हे त्याने लपवलंही नाही. त्या जागी गाळा काढला असता तर आज काय भाडं आलं असतं, ते तो मला उभ्या उभ्या समजावू लागला. डबा उचलून फेकायचा आणि बाई कंटाळून निघून जाईल अशी वाट पाहायची, हे त्याच्यासारख्या माणसाला सुचू शकतं. मी त्याला तसं तोंडावर विचारलं.

तो तापला. म्हणाला, तुमच्या चर्चच्या भांड्याला मी हातसुद्धा लावत नाही. मग स्वतःहून एक गोष्ट बोलून गेला. ज्या दिवशी डबा भरलेला राहिला त्या दिवशी त्याच्या घरावर स्लॅब टाकणं चालू होतं. तो दिवसभर गल्लीतच खुर्ची टाकून मजुरांवर ओरडत बसला होता आणि डबा लटकलेला त्याने स्वतः पाहिला होता.

“पाहिला आणि बाईला दिला नाही?” मी विचारलं.

“वो मेरा काम है क्या?” तो म्हणाला.

त्याचं काम नव्हतं, हे खरंच. गल्लीत कोणाचंच ते काम नव्हतं. मी त्याला शेवटचं विचारलं की इथे चूल कोणाकडे आहे. तो म्हणाला की सगळ्यांकडे गॅस आहे, फक्त कांताबाईकडे चूल. रोज सकाळी धूर काढते आणि माझे वाळत घातलेले कपडे काळे करते, अशी त्याची तक्रार होती.

कांताबाई मेश्राम सत्यभामाबाईंच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. आमच्याच मंडळीतल्या, स्वतःच्या मालकीची खोली. त्यांना सगळे ‘साहेबांची आई’ म्हणायचे, कारण मुलगा यशदीप मंत्रालयात अधिकारी. नव्या रायपुरात त्याला सरकारी घर आहे आणि तो आमच्या समितीवरही आहे. दर रविवारी तो आईला गाडीतून चर्चला आणतो, पहिल्या बाकावर बसवतो आणि प्रार्थना झाली की परत सोडून जातो. अशा बाईच्या घरी मी चौकशी करायला नाही, तिची साक्ष घ्यायला गेलो होतो.

त्यांनी मला खुर्ची दिली आणि चहाला दूध संपलं म्हणून माफी मागितली. सत्यभामाचं फार वाईट झालं म्हणाल्या. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी मी असती तर पाणी तरी पाजलं असतं, पण मी नव्हती, नातवाचा वाढदिवस होता, यशदीप गाडी घेऊन आला, रात्री तिथंच ठेवून घेतलं, घर केवढं मोठं आहे, रस्ते केवढे रुंद. बोलता बोलता त्यांनी कोपऱ्यातलं पोतं दाखवलं. सुवासिक दुबराज तांदूळ, मुलगा महिन्याच्या महिन्याला आणून टाकतो, एकटीला संपत नाही.

मी उठताना माझा गुडघा त्या पोत्याला लागला. तांदळाचं पोतं गुडघ्याने हलत नाही. हे उशीसारखं सरकलं. मी मागच्या दाराने बाहेर पडलो.

मागच्या अंगणात त्यांच्या दोन कोंबड्या काहीतरी टिपत होत्या. मी वाकून पाहिलं. वाळलेला भात होता. काही शितं फुटून गेलेली, काही ताठ, एखादं लालसर, एखादं उसनं. दुबराज खाणाऱ्या घरात असा भात शिजत नाही. रायपुरातल्या कुठल्याच घरात शिजत नाही.

४

मी फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. खरं सांगायचं तर मला परत जायचं नव्हतं. शालिग्राम दोषी निघाला असता तर मला रात्री गाढ झोप लागली असती. पण शालिग्राम त्या दिवशी दिवसभर गल्लीत होता. डबा तो पळवत असता तर त्या दिवशीचाही गेला असता. रमाने विकायचा असता तर लटकवलाच नसता. रोज जाणारा डबा एकाच दिवशी राहिला, म्हणजे रोज नेणारा माणूस नेमका त्या दिवशी घरी नव्हता. आणि ज्या घरात चूल होती त्याच घरातलं माणूस त्या दिवशी गल्लीबाहेर होतं.

मी कांताबाईंना पोत्यात काय आहे ते विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे पाहिलं, आणि खाली बसल्या. पोत्यात जुन्या साड्या होत्या. तांदूळ यशदीपने एकदाच आणला होता, दिवाळीच्या वेळी, मागच्या की त्याच्या मागच्या. चूल त्या पाणी तापवायला पेटवायच्या, धूर दिसावा म्हणून. साहेबांच्या आईच्या घरी चूल पेटली नाही तर लोक काय म्हणतील.

“मग मागायचं होतं,” मी म्हणालो. “प्रेमलाबाईंना सांगायचं. एक डबा जास्त गेला असता.”

“साहेबाची माय डबा मागायले जाईन का, भाऊ?” त्या म्हणाल्या. “समितीत तोच बसते. त्याच्या समोर माह्यं नाव कोण घेईन?”

पुढचं त्यांनी न थांबता सांगितलं, मला विचारावंही लागलं नाही. सत्यभामाचे पाय गेल्यावर डबा खिळ्यावरून काढून आत नेऊन देणारी कांताबाईच होती. दोन घास भरवायची, भांडं घासून परत लावायची. चांगलं काम करत होती. एक दिवस भात नुसता चाखला. मग अर्धा खाऊ लागली. मग सत्यभामाची भूक तशी कमीच आहे असं स्वतःला समजावलं. मग तिला सांगितलं की डबा कमी येतो. आणि शेवटी सांगितलं की बंद झाला. त्यानंतर कधी पेज, कधी पाण्यात साखर, एवढंच नेऊन द्यायची. उरलेलं कोंबड्यांना जायचं, कारण कधी कधी घास घशाखाली उतरत नसे.

“काही बोलली नाही ती?” मी विचारलं.

कांताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि तसाच धरून बोलल्या. “म्हणे, मी जयभीमवाली, तुमच्या प्रार्थनेले कधी आली नाही, म्हणून बंद केला असन त्यायनं. बरोबर आहे म्हणे त्यायचं.”

मी पुष्कळ चोर पाहिले आहेत, रडणारे आणि न रडणारे. यांच्यावर ओरडावं असं मला फार वाटत होतं. मी एवढंच म्हणालो की रमाला उद्या घराबाहेर काढणार आहेत आणि तिची पोरगी शाळेत जात नाही.

त्या म्हणाल्या, “तुमी सांगा समितीले. मले जे करायचं ते करा. पण माह्या पोट्ट्याले कमी बोला.”

५

शनिवारी संध्याकाळी समितीसमोर मी सगळं मांडलं. राख, भरलेला डबा, कोंबड्यांपुढचा भात, पोतं, एकामागून एक. यशदीपचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी त्याच्याकडे पाहून घेतलं. तो मोबाइल उलटा ठेवून बसला होता. त्याला मराठी समजतं पण तो बोलत नाही.

माझं सांगून संपलं. मग यशदीप अगदी शांतपणे म्हणाला, “अंकल, मम्मी की उमर हो गई है. बात इस कमरे से बाहर न जाए तो अच्छा है.” आईला तो सोमवारीच नव्या रायपुरात घेऊन जाणार होता. इतके दिवस ते घर लहान पडत होतं, आता एकदम मोठं झालं.

समितीला हायसं वाटलं ते माझ्या डोळ्यांसमोर वाटलं. प्रेमलाबाई म्हणाल्या की रमाने खोली सोडायची गरज नाही, पगारही चालू राहील, आणखी काय हवं. पास्टर साहेब म्हणाले की रविवारी ते सांगतील की कोणाचाही दोष आढळला नाही. मी म्हटलं, असं गोल गोल बोललात तर पाऱ्यात रमा चोरच राहील, तिचं नाव घेऊन ती निर्दोष आहे असं सांगा आणि चोर कोण तेही सांगा. त्यावर पास्टर साहेबांनी मला समजावलं की एका बाईची अब्रू वाचवायला दुसऱ्या बाईची घालवणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. दुसरी बाई साहेबांची आई होती, हे कोणी बोललं नाही.

रमा बाहेर ओट्यावर होती. दार काही जाड नाही, तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याजवळ गेलो तर म्हणाली, “खोली नको मले. नाव पाह्यजे. पोट्टी विचारते, आई तू खाल्लं का म्हणून.”

रविवारी यशदीपने आईला नेहमीसारखं पहिल्या बाकावर आणून बसवलं. आणली नसती तर लोकांनी विचारलं असतं. इस्त्रीची साडी, केसांना तेल. पास्टर साहेबांनी दिवंगत भगिनीसाठी प्रार्थना केली आणि मग ठरल्याप्रमाणे सांगितलं की झाल्या प्रकारात कोणाचाही दोष आढळलेला नाही. मागे कुजबुज झाली. दोन-चार माना रमाकडे वळल्या. तिच्या शेजारची जागा रिकामीच होती, तिथे कोणी बसलं नव्हतं.

मी उठणार होतो. पण माझ्याआधी कांताबाई उठल्या. बाकाला धरून त्या उभ्या राहिल्या, मुलाने मनगट धरलं ते त्यांनी सोडवून घेतलं, आणि मंडळीकडे तोंड केलं.

“डबा मी खाल्ला,” त्या म्हणाल्या. “रमानं रोज आणला. सत्यभामाचा डबा मी खाल्ला, आन् तिले सांगतलं चर्चनं बंद केला म्हणून. माह्या घरी खायले नव्हतं.”

शेवटचं वाक्य त्यांना बोलायचं नसावं, पण ते निघून गेलं. यशदीप पुढे पाहत बसला होता. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती.

कांताबाई मधल्या वाटेने लंगडत रमापर्यंत गेल्या आणि तिच्यासमोर हात जोडले. सगळ्या मंडळीचे डोळे आता रमावर होते. तिने माफ केलं असतं तर सगळ्यांचीच सुटका झाली असती, पास्टर साहेबांनी तर आधीच हसरा चेहरा केला होता.

रमा उभी राहिली. तिने म्हातारीचे जोडलेले हात धरून खाली केले.

“माफी मले नका मागू, काकू. जिले मागायची ते गेली.” मग ती आमच्याकडे वळली. आवाज चढवला नव्हता. “चोर मी नाही, हे तुमी आयकलं. पण मी रोज तिच्या दारात गेली. आत बाई उपाशी पडली होती, आन् मी बाहेर डबा लावून परत येत होती. एक दिवस हाक मारली असती तर ती आज असती. माह्यं नाव साफ झालं असं नका म्हणू कोणी.”

ती साक्षीला घेऊन बाहेर गेली. कांताबाई तिथेच उभ्या होत्या, आणि त्यांना धरून बसवायला कोणीही उठलं नाही.